घरून काम करणारा स्टाफ आणि क्लायंटची माहिती: सीए ऑफिसांनी करायचा बंदोबस्त

२०२० च्या लॉकडाउनमध्ये सीए ऑफिसांनी निरुपायाने स्टाफला घरून काम द्यायला सुरुवात केली. लॉकडाउन संपला, पद्धत मात्र राहिली. नाशिक, सांगली, कोल्हापूर, संभाजीनगर, कुठेही आठ-दहा माणसांच्या ऑफिसात डोकवा. लहान मूल असलेली सीनियर अकाउंटंट आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून जीएसटी पाहते, आर्टिकलची (सीए होण्यासाठी ऑफिसात प्रशिक्षण घेणारी) मुले संध्याकाळी घरी बसून व्हाउचिंग (नोंदी बिलांशी ताडून पाहणे) पुरे करतात, आणि टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबर जवळ आली की निम्मे ऑफिस लॅपटॉप काखोटीला मारून घरी जाते. ही सोय बंद करा असे मी कोणालाही सांगणार नाही. तिच्यामुळे चांगली माणसे टिकली आहेत, विशेषतः बायका.

पण कामाची जागा बदलली तरी बंदोबस्त तोच राहिला, किंवा राहिलाच नाही. घाईघाईत सुरू झालेले पेनड्राइव्ह, खासगी जीमेल आणि व्हॉट्सॲप आजही तसेच चालू आहेत.

सीए ऑफिसात काय असते ते एकदा डोळ्यांसमोर आणा. व्यापाऱ्याची खरी विक्री, कोणाकडून किती व्याजाने पैसे घेतलेत, भागीदारांमध्ये कुठे बिनसले आहे, कोणत्या मुलाच्या नावावर काय केले आहे, कारखान्यात कोणाला किती पगार आहे. घरच्यांनाही ठाऊक नसलेल्या गोष्टी माणूस आपल्या सीएला सांगतो. म्हणून तर चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट, १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टात, पहिल्या भागाच्या पहिल्याच कलमात, क्लायंटच्या संमतीवाचून किंवा कायद्याने भाग पाडल्यावाचून अशी माहिती बाहेर देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

आणि तालुक्याच्या गावी धोका नेहमी परदेशातल्या हॅकरचाच असतो असे नाही. तुमच्या अकाउंटंटचा चुलतभाऊ त्याच मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो. शेजारच्या काकू तुमच्या क्लायंटच्या विहीणबाई असतात. घरात उघड्या पडलेल्या एका बॅलन्सशीटवरून गावात जी चर्चा होते ती परत गोळा करता येत नाही.

पुढे जे सांगतो आहे त्याचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: माणूस घरी बसू दे, माहिती ऑफिसातच राहू दे. माहिती घरी गेल्यावर तिची राखण करण्यात निम्मी ताकद जाते. ती जाऊच नये अशी सोय केली तर नियमही कमी लागतात.

आधी विचारा, मग यादी करा

सीझन नसताना एक दुपार काढा. सगळ्या स्टाफला, आर्टिकलच्या मुलांनाही, एकत्र बसवा आणि दोन प्रश्न विचारा. घरून काम करताना तुम्हाला काय काय लागते? आणि ते सध्या तुम्ही कसे नेता? दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर हवे असेल तर त्या दिवशी कोणावरही ओरडायचे नाही हे मनाशी पक्के करून बसा.

उत्तरे साधारण अशी येतात. “टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर नेते.” “बँक स्टेटमेंट माझ्या जीमेलवर पाठवून ठेवतो.” “सर, मी स्वतःलाच व्हॉट्सॲप करते.” यात कोणाची लबाडी नसते. काम वेळेत व्हावे म्हणून प्रत्येकाने आपापली पायवाट पाडलेली असते. आपण रस्ता बांधून दिला नाही तर ती पायवाट चालूच राहणार, कितीही परिपत्रके काढली तरी.

मग माहितीचे तीन ढीग करा.

पहिला ढीग ऑफिसच्या बाहेर कधीच न जाणाऱ्या गोष्टींचा: डीएससीची (डिजिटल सहीची) टोकने, क्लायंटच्या पासवर्डांची यादी, सर्व क्लायंटचा एकत्रित बॅकअप, मूळ खरेदीखते, भागीदारी करारनामे, मृत्युपत्रे, आयकर छाप्याच्या प्रकरणांचे कागद. क्लायंटने सही करून ठेवलेली कोरी चेकबुके तुमच्या कपाटात असतील तर ती ऑफिसातही नकोत. परत करून टाका.

दुसरा ढीग दुरून पाहायच्या गोष्टींचा. घरून त्यावर काम करायचे, पण घरच्या मशीनवर उतरवून घ्यायचे नाही. टॅलीचा डेटा, बँक स्टेटमेंट, पगारपत्रके, ऑडिटचे वर्किंग पेपर, बँकेच्या कर्जासाठी केलेला सीएमए डेटा हे सगळे इथे येते. रोजचे बहुतेक काम याच ढिगातले असते, त्यामुळे खर्च आणि डोके इथेच लावायचे.

तिसऱ्या ढिगात कोरे फॉरमॅट, परिपत्रके, चेकलिस्ट, प्रशिक्षणाचे साहित्य. हे खुशाल घरी न्यावे. सगळ्यालाच ‘गोपनीय’ म्हटले की खरोखर गोपनीय काय तेच कोणी पाहत नाही.

कुठला कागद कुठल्या ढिगात घालावा असा प्रश्न पडला तर एकच विचारा: हा कागद क्लायंटच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडला तर त्याचे काय बिघडेल?

पासवर्डांची ती एक्सेल शीट

जवळपास प्रत्येक ऑफिसात ती असते. क्लायंटचे नाव, पॅन, जन्मतारीख, आयकर पोर्टलचा पासवर्ड, जीएसटीचा यूजर आयडी आणि पासवर्ड, ट्रेसेस या टीडीएसच्या पोर्टलचा, ई-वे बिलाचा, कधी कधी नेट बँकिंगचासुद्धा. एका फाइलीत तीनशे माणसांच्या सगळ्या किल्ल्या. आणि घरून काम करणाऱ्या प्रत्येकाकडे तिची वेगळी, थोडी जुनी प्रत असते. ही शीट मोडीत काढायची, एवढे एकच काम या महिन्यात केलेत तरी निम्मा धोका गेला असे समजा.

पहिले काम म्हणजे नेट बँकिंगचे पासवर्ड त्यातून काढून टाकणे आणि क्लायंटला ते बदलायला सांगणे. सीएला बँकेचे व्यवहार पाहायचे असतील तर स्टेटमेंट पुरते. बऱ्याच बँका चालू खात्यांवर फक्त पाहण्यापुरता वेगळा यूजरही देतात.

दुसरे, शीटऐवजी पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारे सॉफ्टवेअर) आणा. कीपास फुकट आहे आणि ऑफिसच्या संगणकावर चालते. बिटवॉर्डनमध्ये माणसागणिक वेगवेगळे गट करता येतात: जीएसटी पाहणारीला जीएसटीचेच पासवर्ड दिसतील, टीडीएसवाल्याला टीडीएसचे. तीनशेच्या तीनशे क्लायंट सगळ्यांना दिसायची गरज क्वचितच असते. घरून काम करणाऱ्याला तर त्याच्याकडच्या फाइलींपुरतेच दिसावे. दोघांपैकी काहीही वापरा, पण मुख्य पासवर्ड लांब ठेवा आणि तो लिहिलेला कागद बंद पाकिटात सीएच्या तिजोरीत असू द्या.

तिसरे, पासवर्ड एका ठेक्यावर बेतू नका. नावाची पहिली चार अक्षरे, मग ॲटचे चिन्ह, मग वर्ष ही रीत इतकी पसरली आहे की एका क्लायंटचा पासवर्ड कळला की बाकीचे अंदाजाने उघडतात. पासवर्ड मॅनेजर असल्यावर लक्षात ठेवायचे कारणच उरत नाही, म्हणून प्रत्येकाचा वेगळा आणि वेडावाकडा ठेवता येतो.

जिथे जमेल तिथे पासवर्ड घ्यायचेच टाळा. आयकर विभागाकडे ई-रिटर्न इंटरमीडियरी (दुसऱ्यांची विवरणपत्रे भरणारा मध्यस्थ) म्हणून नोंदणी केली तर क्लायंटच्या संमतीने, त्याचा पासवर्ड न घेता विवरणपत्र भरता येते. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-यूजर करता येतात. स्टाफला मुख्य लॉगिन न देता सब-यूजर द्या. तिथे १ एप्रिल २०२५ पासून सर्वांनाच दोन टप्प्यांचे लॉगिन सक्तीचे झाले आहे.

आता एक गोष्ट, जी बहुतेक ऑफिसांत वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहिलेली नसते. आयकर पोर्टलवर क्लायंटच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर कोणाचा आहे? “साहेब फोन उचलत नाहीत, ओटीपी अडतो” म्हणून स्टाफने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. ईमेलही त्याचाच. पुढे ती व्यक्ती नोकरी सोडून जाते आणि शंभर क्लायंटचे ओटीपी तिच्या खासगी फोनवर जात राहतात. पासवर्ड विसरला म्हणून नवा करायला तेवढे पुरते. सगळ्या क्लायंटची प्रोफाइल तपासा. प्राथमिक नंबर क्लायंटचाच हवा, दुय्यम नंबर ऑफिसच्या नावावर घेतलेल्या सिमचा, आणि ते सिम ऑफिसातल्या फोनमध्ये. घरून काम करणाऱ्याला ओटीपी हवा असेल तर त्याने ऑफिसात फोन करून विचारावा. ग्रुपवर ओटीपी टाकायचे नाहीत.

मोठ्या क्लायंटसाठी आयकर पोर्टलवरची ई-फायलिंग व्हॉल्ट ही सोय सुरू करून द्या. मग नुसत्या पासवर्डाने लॉगिन होत नाही. आधार ओटीपी, डीएससी किंवा नेट बँकिंग लागते. काम थोडे सावकाश होते, हे क्लायंटला आधीच सांगून ठेवा.

डीएससी: ती सही आहे, पेनड्राइव्ह नव्हे

ऑफिसच्या खणात रबरबँड लावलेली पन्नास-साठ टोकने, प्रत्येकावर चिकटपट्टीने क्लायंटचे नाव, आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच, बहुधा एक ते आठ आकडे. हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता नवल वाटत नाही, काळजी मात्र वाटते. त्या टोकनाने केलेली सही कायद्याने क्लायंटच्या हातच्या सहीइतकीच पक्की असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार आपली खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची आहे. म्हणजे चांगल्यात चांगली व्यवस्था हीच की टोकन क्लायंटकडे राहावे आणि सहीच्या वेळी त्याने ते आणावे किंवा त्याच्या मशीनवरून सही करावी.

ते लगेच जमणार नाही, हे कळते. तोपर्यंत एवढे तरी करा. टोकने कुलपात ठेवा आणि किल्ली एकाकडेच द्या. रजिस्टर ठेवा: कोणाचे टोकन, कोणत्या फॉर्मसाठी, कोणी घेतले, कधी परत केले. टोकन ठेवण्यासाठी क्लायंटची लेखी संमती घ्या. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा करा. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा टाकला की टोकन लॉक होते, म्हणून बदललेला पासवर्ड लगेच पासवर्ड मॅनेजरमध्ये नोंदवा.

टोकन घरी न्यायचे नाही, एक दिवसही. घरून काम करणाऱ्याने फॉर्म तयार करून ठेवावा, सही ऑफिसात बसलेल्या माणसाने करावी. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या संगणकात शिरले तर त्या संगणकाला लावलेले टोकन तसेही दिसत नाही. मग कंटाळून कोणीतरी टोकनच पर्समध्ये टाकून घरी नेते. आठवड्यातल्या ठरावीक दोन वेळा ‘सहीच्या वेळा’ म्हणून जाहीर केल्या की ही ओढाताण थांबते.

लॅपटॉप कोणाचा?

ऑफिसचा. यावर मी तडजोड सुचवत नाही. स्टाफच्या घरच्या लॅपटॉपवर मुलाचा गेम असतो, दिराने टाकलेले चोरीचे सॉफ्टवेअर असते, आणि ते तपासायचा आपल्याला हक्कही नसतो. सगळी माहिती ऑफिसातच ठेवायची असेल तर घरच्या मशीनला फार ताकद लागत नाही. साधा, वापरलेला पण चांगल्या स्थितीतला बिझनेस लॅपटॉप पुरतो.

त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती घ्या, कारण बिटलॉकर पूर्णपणे तिच्यातच मिळते. बिटलॉकर चालू केले की लॅपटॉप चोरीला गेला तरी हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावणाऱ्याला काही वाचता येत नाही. त्याची रिकव्हरी की छापून ऑफिसात ठेवा, त्याच लॅपटॉपच्या पिशवीत नको. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा जुनी मशीन असतील तर त्यांचे काय करायचे ते ठरवून टाका.

स्टाफला ॲडमिन अधिकार देऊ नका, साधा यूजर द्या. पाच मिनिटांत स्क्रीन आपोआप लॉक होऊ दे. यूएसबीत पेनड्राइव्ह चालणार नाही अशी सेटिंग ग्रुप पॉलिसीतून करता येते, ती करा. आणि स्टाफला एक गोष्ट प्रेमाने पण स्पष्ट सांगा: हा लॅपटॉप घरातल्या कोणालाही द्यायचा नाही, मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठीसुद्धा. अशा वेळी नाही म्हणणे घरात अवघड जाते. “ऑफिसचा नियम आहे, माझी नोकरी जाईल” असे सांगायची मुभा तुम्हीच त्यांना द्या.

ऑफिसच्या संगणकापर्यंत पोहोचायचा रस्ता

बऱ्याच ठिकाणी कोणीतरी ‘नेटवर्कवाला’ येतो, राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट उघडतो आणि रिमोट डेस्कटॉप चालू करून जातो. काम झकास चालते. पण तो पोर्ट साऱ्या जगाला दिसतो, आणि असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस पासवर्ड मारून पाहत असतात. सर्व्हरवरच्या सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर या वाटेने सर्रास शिरते. तुमच्याकडे असे असेल तर आजच बंद करा.

त्याऐवजी आधी व्हीपीएन (घर ते ऑफिस असा इंटरनेटवरचा बंदिस्त रस्ता), मग त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप. ऑफिसच्या राउटरवर वायरगार्ड किंवा तत्सम व्हीपीएन बसवता येते. मात्र ब्रॉडबँडवाल्यांकडून स्थिर आयपी घ्यावा लागतो, कारण बहुतेक जोडण्यांना स्वतःचा वेगळा सार्वजनिक आयपी नसतो. तो घ्यायचा नसेल तर टेलस्केलसारखी तयार सोय आहे. जोडणी झाल्यावर रिमोट डेस्कटॉपच्या धोरणात दोन गोष्टी बंद करा: ड्राइव्ह जोडणे आणि क्लिपबोर्ड. मग ऑफिसच्या संगणकावरून घरच्या लॅपटॉपवर फाइल ओढता येत नाही आणि मजकूर कॉपी करून नेता येत नाही. दुसरा ढीग ऑफिसात राहतो तो या दोन सेटिंगमुळे. स्टाफ पहिल्या आठवड्यात कुरकुर करेल. ऐकून घ्या, पण सेटिंग बदलू नका.

एनीडेस्कवरच (दुरून संगणक चालवायच्या ॲपवर) काम चालवायचे असेल तर कोणत्या आयडींना आत यायचे आहे त्यांची यादी त्यात घाला, दोन टप्प्यांचे लॉगिन चालू करा, फाइल ट्रान्सफर बंद ठेवा. आणि स्टाफच्या खासगी फोनवर एनीडेस्क मुळीच नको. बँकेचा माणूस असल्याचे भासवून ते ॲप उतरवायला लावणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

टॅलीबद्दल वेगळे सांगायला हवे. डेटाचे फोल्डर सर्व्हरवर शेअर केलेले असते आणि ते कोणालाही उचलून कॉपी करता येते. टॅलीमध्ये यूजर आणि पासवर्ड लावले तरी फोल्डर तसेच उघडे राहते. म्हणून नाजूक क्लायंटच्या कंपन्यांना टॅलीव्हॉल्ट लावा. त्याने डेटा सांकेतिक रूपात जातो आणि पासवर्डाशिवाय कंपनीचे नावही दिसत नाही. पण टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर तो परत मिळत नाही, हे ध्यानात ठेवून तो दोन ठिकाणी जपा. यूजर माणसागणिक वेगळे करा, सगळ्यांचे ‘ॲडमिन’ नको. कोणती नोंद कोणी, कधी बदलली हे एडिट लॉगमध्ये दिसते. एकाच यूजरने सगळे काम करत असतील तर त्या लॉगला अर्थ उरत नाही.

व्हॉट्सॲप

क्लायंटला व्हॉट्सॲप बंद करा असे सांगून चालणार नाही. तो पॅनकार्डाचा, आधारचा, पासबुकाचा फोटो तिथेच पाठवणार. पण तो कोणाच्या फोनवर येतो, हे आपल्या हातात आहे. ऑफिसच्या सिमवर बिझनेस व्हॉट्सॲप काढा, ते ऑफिसच्या संगणकावर जोडा आणि सर्व क्लायंटना तोच नंबर कळवा. स्टाफच्या खासगी नंबरवर कागद आला तर एकच ठरलेले उत्तर जायला हवे: “कृपया हे ऑफिसच्या नंबरवर पाठवा.” पहिले दोन महिने हे रोज म्हणावे लागेल.

हा आग्रह एवढ्यासाठी की खासगी फोनवर आलेला फोटो तिथेच थांबत नाही. तो गॅलरीत जातो, तिथून गुगल फोटोजच्या बॅकअपमध्ये, आणि अनेक घरांत ते खाते नवरा-बायको दोघांच्या फोनवर आणि टीव्हीवरही असते. बारशाचे फोटो पाहता पाहता कोणाचे तरी आधारकार्ड टीव्हीच्या पडद्यावर येते. त्यामुळे सवलतीची वेळ आलीच तर निदान फोटो गॅलरीत दिसू नयेत ही सेटिंग आणि आपोआप डाउनलोड बंद हवे. लिंक केलेल्या डिव्हाइसची यादी महिन्यातून एकदा पाहा. कोणत्या तरी सायबर कॅफेतले वेब लॉगिन तसेच राहिलेले सापडते.

पीडीएफला पासवर्ड लावून पाठवतो, असे पुष्कळ जण समाधानाने सांगतात. तो पासवर्ड असतो छोट्या अक्षरांतला पॅन आणि जन्मतारीख, आणि त्याच चॅटमध्ये थोडे वर पॅनकार्डाचा फोटो असतो, ज्यावर दोन्ही छापलेले आहे. पासवर्ड लावायचा तर वेगळा लावा आणि फोनवर बोलून सांगा. आधार मागताना पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार मागा. ते यूआयडीएआयच्या पोर्टलवरून मिळते. गुगल ड्राइव्हवरून फाइल देत असाल तर ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय न निवडता ठरावीक ईमेलच घाला, आणि काम झाले की परवानगी काढून घ्या.

घरात

वेगळी खोली सगळ्यांकडे नसते. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या कडेला टेबल लावून काम करणाऱ्या बाईला ‘स्वतंत्र केबिन हवी’ असे लिहून देणे म्हणजे तिला घरून काम नाकारणेच झाले. त्यापेक्षा लॅपटॉपचा पडदा कोणी मागून येणार नाही अशा बाजूला वळवायला सांगा. बाजूने न दिसणारा प्रायव्हसी फिल्टर ऑफिसने द्यावा. फोनवर बोलताना क्लायंटचे नाव घ्यायचे नाही, फाइल नंबर घ्यायचा. इयरफोनमुळे समोरच्याचा आवाज झाकतो, आपला नाही. “एकशे बेचाळीसच्या क्रेडिटर्समध्ये फरक येतोय” यावरून घरातल्या पाहुण्याला काही कळत नाही.

राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदला, वाय-फायला डब्ल्यूपीए२ किंवा त्यापुढची सुरक्षा ठेवा, पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क द्या. बाकी व्हीपीएन असल्यावर घरच्या वाय-फायची फार चिंता नको.

कागदाची मात्र हवी. घरी प्रिंटर नसतो, मग माणूस कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर पीडीएफ पाठवतो आणि प्रिंट घेतो. ती फाइल त्याच्या फोनवर आणि दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये राहते, आणि तो बिचारा ती पुसत बसत नाही. म्हणून गोपनीय कागदाची प्रिंट फक्त ऑफिसात. कच्ची कामे घरी कागदावर केली असतील तर ती ऑफिसात आणून श्रेडरमध्ये घालावीत, घरच्या रद्दीत नकोत. रद्दीतले कागद पुड्या बांधायला जातात. भेळेच्या पुड्यावर कोणाचे तरी खातेउतारे आपण सगळ्यांनी वाचलेले आहेत.

एआयच्या चॅट ॲपांबद्दलही ठरवून टाका. नोटिशीला उत्तर लिहायला मुले ती वापरणारच. नाव, पॅन, जीएसटी क्रमांक, आकडे काढून मुद्दा विचारला तर हरकत नाही. क्लायंटची अख्खी बॅलन्सशीट किंवा नोटीस खासगी खात्यातून तिथे चढवायची नाही.

लेखी काय हवे

एक पान, मराठीत, स्टाफला वाचून कळेल असे. काय नेता येते, काय नाही, कागद हरवला तर कोणाला आणि किती वेळात कळवायचे, नोकरी सोडताना काय परत करायचे. आर्टिकलच्या मुलांकडूनही सही घ्या. कायद्याची भीती घालायला नव्हे, पण माहिती म्हणून सांगा: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ प्रमाणे करारातून मिळालेली वैयक्तिक माहिती हेतुपुरस्सर फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑफिसची जबाबदारी त्याहून मोठी आहे. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या ऑफिसला एवढा दंड होईल असे नाही, पण क्लायंट कंपन्या आता करारात याबद्दल विचारू लागल्या आहेत.

काही घडलेच तर

लॅपटॉप एसटीत राहिला, फोन लोकलमध्ये मारला गेला, चुकीच्या क्लायंटला दुसऱ्याची बॅलन्सशीट गेली. पहिली गोष्ट, स्टाफने ताबडतोब सांगितले पाहिजे, रात्री अकरालासुद्धा. लवकर सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही हे त्या एका पानात लिहा आणि पाळा. एकदा जरी सांगणाऱ्याला सगळ्यांसमोर झापले, तरी पुढची गोष्ट तुम्हाला क्लायंटकडूनच कळेल.

मग क्रमाने: त्या माणसाचे व्हीपीएन आणि रिमोट लॉगिन बंद, ईमेल सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट, व्हॉट्सॲपची जोडणी तोडा, त्याला दिसणारे सगळे पासवर्ड बदला. पासवर्ड मॅनेजरमधले गट इथे कामी येतात, कारण तीनशेऐवजी चाळीसच बदलावे लागतात. टोकन हरवले असेल तर क्लायंटला कळवून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून ते रद्द करून घ्या. पोलिसांत तक्रार द्या. फोन असेल तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून त्याचा आयएमईआय बंद करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. पहिल्या तासाभरात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. सर्व्हरवर रॅन्समवेअर किंवा घुसखोरी दिसली तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवायचे असते.

क्लायंटला स्वतः सीएने फोन करावा. काय गेले, काय गेले नाही, आपण काय केले आणि त्याने आता काय करायचे, एवढे साध्या शब्दांत सांगावे. स्टाफच्या नावावर ढकलू नये.

कोणी नोकरी सोडते तेव्हा

निरोप समारंभाच्या आधी करायची कामे: रिमोट लॉगिन, ईमेल, पासवर्ड मॅनेजर, टॅलीचा यूजर आणि युडीआयएनच्या (सीएने सही केलेल्या कागदाला क्रमांक देणाऱ्या) पोर्टलचा पासवर्ड माहीत असेल तर तोही, सगळे त्याच दिवशी बंद किंवा बदल. लॅपटॉप, कागद, ओळखपत्र परत. क्लायंटच्या प्रोफाइलमध्ये त्याचा नंबर किंवा ईमेल कुठे राहिला आहे का, हे तपासायला मात्र एक दिवस पुरत नाही. राजीनामा आल्याबरोबर ते काम सुरू करा आणि त्याच्याच मदतीने पुरे करून घ्या. कोणत्या क्लायंटला आपण आपला नंबर दिला होता, हे त्यालाच आठवते.